तबकडी फिरवणारे बर्लिनर आणि बाळाच्या बाटलीतले दूध

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वॉशिंग्टनमधल्या एका सुखवस्तू घरात ॲलिस नावाची तान्ही मुलगी आजारी पडली. दुखणे पोटाचे होते आणि ते हटता हटेना. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांत उन्हाळा आला की असे आजार घरोघर दिसत. गरिबाघरची बाळे तर त्यात मोठ्या संख्येने दगावत. ॲलिस वाचली. मात्र आजाराचे मूळ शोधता शोधता तिच्या वडिलांचे बोट एका साध्या वस्तूवर येऊन थांबले. ती वस्तू म्हणजे बाळाला पाजले जाणारे कच्चे दूध.

हे वडील डॉक्टर नव्हते. कोणत्या विद्यापीठाची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. पण त्यांनी लावलेला एक शोध तोवर जगभर पोहोचू लागला होता. त्यांचे नाव एमिल बर्लिनर. सपाट तबकडी आणि ती वाजवणारा ग्रामोफोन ही त्यांची देणगी. आज पुन्हा हौसेने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक टर्नटेबलचे मूळ त्यांच्या कार्यशाळेत सापडते. त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो भाग दुधाचा आहे.

बाटल्या धुणारा विद्यार्थी

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. घरात तेरा भावंडे. वडील व्यापारी होते, पण कमाई बेताची. एमिल यांचे शिक्षण चौदाव्या वर्षी संपले आणि छापखाना, कापडाचे दुकान अशी कामे सुरू झाली. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले. सैन्यात जाण्याऐवजी हा एकोणीस वर्षांचा तरुण अमेरिकेला निघाला. वॉशिंग्टनमध्ये कुटुंबाच्या एका स्नेह्याचे कापडाचे दुकान होते, तिथे नोकरी मिळाली.

काही वर्षांनी ते न्यूयॉर्कला गेले. दिवसा मिळेल ते काम करायचे आणि संध्याकाळी कूपर इन्स्टिट्यूटच्या मोफत वर्गांना बसायचे, असा क्रम होता. सॅकरिन या गोड रसायनाशी ज्यांचे नाव पुढे जोडले गेले, त्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ते बाटल्या धूत आणि झाडलोट करत. प्रयोगशाळा कशी चालते, मोजमाप कसे घेतात, एकच प्रयोग पुन्हा पुन्हा का करतात, हे सगळे त्यांनी तिथेच जवळून पाहिले.

१८७६ मध्ये ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनची चर्चा सुरू झाली. बेल यांच्या यंत्रातला बोलण्याचा भाग फार कमजोर होता. आवाज लांबवर जाईपर्यंत विरून जाई. एका तारमास्तराकडून बर्लिनर यांना कळले की तारयंत्राची कळ जोरात दाबली की तारेतून जास्त वीज जाते. हा धागा त्यांनी पकडला. आवाजाने थरथरणारा पडदा जर दोन वाहकांमधला सैल स्पर्श कमीजास्त दाबत राहिला, तर विजेचा प्रवाहही आवाजाबरहुकूम कमीजास्त होईल. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी या ट्रान्समीटरची नोंद पेटंट कार्यालयात केली. बेल कंपनीने तो हक्क विकत घेतला आणि बर्लिनर यांना नोकरीही दिली. या पेटंटवरून पुढे वर्षानुवर्षे खटले चालले. पण आजच्या मायक्रोफोनच्या पूर्वजांमध्ये या सैल स्पर्शाची गणना होतेच.

नळकांडे सोडून तबकडी

आवाज साठवून ठेवण्याची किमया एडिसन यांनी १८७७ मध्येच केली होती. त्यांच्या फोनोग्राफवर फिरणारे नळकांडे असे आणि सुई त्यावर वरखाली होत खड्डे पाडत जाई. या पद्धतीची अडचण नकलांमध्ये होती. नळकांड्यांच्या हुबेहूब प्रती मोठ्या संख्येने काढता येत नसत. त्यामुळे गायकाला यंत्रांच्या रांगेपुढे उभे राहून तेच गाणे दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणावे लागे.

वॉशिंग्टनला परतून स्वतंत्र संशोधन करणाऱ्या बर्लिनर यांनी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे सुईची चाल. ती वरखाली न ठेवता त्यांनी डावीउजवी केली. फ्रेंच संशोधक स्कॉट यांनी १८५७ मध्येच काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची अशी नागमोडी रेघ उमटवली होती. दुसरा बदल आकाराचा. नळकांड्याच्या जागी त्यांनी सपाट तबकडी घेतली. जस्ताच्या पत्र्यावर मधमाशांच्या मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्या मेणात रेघ ओढायची आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण गेलेल्या जागी आम्ल जस्त खाई आणि आवाजाची खाच कायमची कोरली जाई. या मूळ तबकडीवरून धातूचा उलटा साचा बनवला की छापखान्यात कागदावर मजकूर छापतात तशा हव्या तितक्या तबकड्या दाबून काढता येत. लहानपणी छापखान्यात काम केलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही.

पेटंट १८८७ मध्ये मिळाले. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ग्रामोफोन वाजवून दाखवला. त्याचा विक्रीचा पहिला अवतार मात्र खेळण्याचा होता. १८८९ च्या सुमारास जर्मनीतल्या एका खेळणी बनवणाऱ्या कारखान्याने हाताने फिरवायचे छोटे ग्रामोफोन आणि पाच इंची तबकड्या बाजारात आणल्या.

स्वस्त यंत्राच्या दोन परीक्षा

ग्रामोफोन साधा होता म्हणून स्वस्त होता. पण स्वस्त यंत्राला दोन परीक्षा द्याव्या लागतात, हे बर्लिनर यांना लवकरच कळले.

पहिली परीक्षा गतीची. सुरुवातीच्या यंत्राची मूठ हाताने फिरवावी लागे आणि मिनिटाला सुमारे सत्तर फेरे सारख्या गतीने द्यावे लागत. हात जरा घाईत फिरला की स्वर चढे, दमला की उतरे. आपला कान याबाबत फार चिकित्सक असतो. तबकडीची गती सहा टक्क्यांनी वाढली तर पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये जाऊन बसते. एवढा फरक पुष्कळांना कळतो. आणि गती सतत हेलकावत राहिली, तर त्याहून कितीतरी लहान फरकही लांबलेल्या सुरात खटकतो. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावचे यंत्रकारागीर एल्ड्रिज जॉन्सन यांनी १८९६ मध्ये यावर उपाय केला. त्यांनी चावी देऊन चालणारी स्प्रिंगची मोटर बनवली. तिच्यातल्या गव्हर्नरवर छोटी वजने असत. गती वाढली की ती वजने बाहेर फेकली जात, एक चकती ब्रेकच्या गादीवर घासली जाई आणि गती पुन्हा जागेवर येई. या मोटरचा ग्रामोफोन २५ डॉलरला आणि तबकडी ५० सेंटला मिळू लागली. मध्यमवर्गीयाच्या दिवाणखान्यात गाणे पोहोचण्याची वाट इथून मोकळी झाली.

दुसरी परीक्षा सुईची. जुन्या ग्रामोफोनला वीज नव्हती. कर्ण्यातून येणारा सगळा आवाज सुईच्या थरथरीतूनच निघत असे. म्हणून सुईवर शंभर ग्रॅमच्या आसपास भार पडे आणि पोलादी सुई प्रत्येक तबकडीनंतर बदलावी लागे. तबकडीच्या मिश्रणात मुद्दाम खनिजाची बारीक पूड घालत. ही पूड सुईला घासून खाचेच्या मापाची करत असे. म्हणजे झीज व्हायची तर ती सुईची व्हावी, तबकडीची नव्हे, अशी ती योजना होती.

आज कमी खर्चात टर्नटेबल घेणाऱ्यालाही याच दोन परीक्षा घ्याव्या लागतात. सूर लांबवलेली तबकडी, उदाहरणार्थ सनई किंवा व्हायोलिन, लावून ऐकावी. सूर थरथरत असेल तर गती स्थिर नाही, मग पेटी कितीही देखणी असो. सुईचा भार पाहावा. चांगल्या साध्या यंत्रात चुंबकीय कार्ट्रिज असते, भार दीड ते अडीच ग्रॅमच्या आसपास ठेवता येतो आणि त्यासाठी दांड्याच्या मागे फिरवण्याजोगे वजन असते. सुटकेससारख्या दिसणाऱ्या अनेक स्वस्त यंत्रांत हा भार पाच ग्रॅमच्या घरात जातो आणि तो कमी करण्याची सोय नसते. सुई वेगळी विकत मिळते का, हेही आधीच विचारावे, कारण ती कधी ना कधी झिजणारच. बाहेरच्या स्पीकरला यंत्र जोडायचे तर फोनो प्रीअँप आत आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे पाहून मगच किमतीची तुलना करावी.

घरातल्या माळ्यावर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर आणखी काळजी घ्यावी. त्यांची खाच रुंद असते. त्यांना लाँगप्लेच्या सुईपेक्षा तिप्पट-चौपट रुंद टोकाची सुई लागते आणि यंत्रातही ७८ ची गती असावी लागते. या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण त्यांतली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. उलट, व्हिनाइलची तबकडी चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर लावली तर पोलादी सुई एकाच फेरीत तिची खाच खरवडून टाकते.

लाख इथली, आवाज इथले

तबकडीतली ही लाख भारताशी नाते सांगणारी आहे. बर्लिनर यांच्या सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. दाबताना त्यांवर सपाट डाग पडत आणि तिथे सुई घसरे. १८९५ च्या सुमारास त्यांनी बटणे बनवणाऱ्या एका कंपनीचे लाखमिश्रित द्रव्य वापरून पाहिले आणि ते जमले. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून लाख मिळते आणि जगाला तिचा मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या पट्ट्यातून होई. पुढची पन्नास वर्षे जगातले बहुतेक गाणे या लाखेवर कोरले गेले.

आवाजही लवकरच इथून जाऊ लागले. बर्लिनर यांच्या हाताखाली तयार झालेले फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या मूळ तबकड्या छापण्यासाठी हॅनोव्हरला गेल्या. बर्लिनर यांच्या जन्मगावी त्यांचे बंधू जोसेफ यांच्यासह उभारलेला तबकड्यांचा कारखाना होता. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. मग बालगंधर्वांची नाट्यपदे नाटकाचे तिकीट परवडत नसलेल्या घरांतही चावीच्या पेटीतून ऐकू येऊ लागली. दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारे गाणे तेवढ्यात बसवण्याची कसरत गायकांना शिकावी लागली.

कोर्टाची मनाई

बर्लिनर यांना स्वतःच्या यशाचे फळ अमेरिकेत पुरते चाखता आले नाही. विक्रीचा ठेका घेतलेले फ्रँक सीमन यांच्याशी वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०० मध्ये मनाई हुकूम निघाला. ज्यांनी ग्रामोफोन शोधला, त्यांनाच तो अमेरिकेत विकता येईना. त्यांनी कॅनडात माँट्रियलला बस्तान हलवले. कर्ण्यात कान देऊन बसलेल्या निपर कुत्र्याचे चित्र त्यांनी त्याच वर्षी अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. पुढे ते चिन्ह जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीकडे गेले आणि जगभर त्या कुत्र्याचीच ओळख झाली. संशोधकाचे नाव मागे पडले.

ॲलिसचे आजारपण याच सुमाराचे. पन्नाशीच्या या माणसाकडे आता पैसा होता, वेळ होता आणि एक प्रश्न होता. आपल्या घरातले बाळ जर दुधाने आजारी पडू शकते, तर ज्यांच्या घरी बर्फाची पेटीही नाही त्यांच्या बाळांचे काय होत असेल?

दूध तापवा

मराठी घरात दूध आले की आधी ते गॅसवर चढते. वर येताच आच कमी होते आणि सायीची वाट पाहिली जाते. अमेरिकेतल्या शहरांत तेव्हा तशी रीत नव्हती. शहराबाहेरच्या गोठ्यांतून निघालेले दूध उघड्या कॅनमधून, उन्हातून, अनेक हातांतून येई आणि कच्चेच प्यायले जाई. त्यातून जुलाबाचे जंतू पसरत. विषमज्वर, घटसर्प, लोहितांग ज्वर आणि गायीगुरांतला क्षयरोगही पसरे. एका गोठ्यातल्या एका आजारी माणसामुळे अख्ख्या वस्तीत विषमज्वराची साथ येऊ शके.

लुई पाश्चर यांनी उष्णतेने जंतू मरतात हे १८६० च्या दशकातच दाखवले होते. दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद ठेवून लगेच थंड केले की हे रोगजंतू मरतात आणि दुधाची चवही फारशी बदलत नाही. तरीही विरोध मोठा होता. तापवलेले दूध निःसत्त्व होते, असे काही डॉक्टरही म्हणत. तापवण्याची सोय झाली तर गवळी गोठे घाणेरडेच ठेवतील, असा दुसरा आक्षेप होता. पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य होते. उष्णतेने दुधातले क जीवनसत्त्व घटते आणि केवळ अशाच दुधावर वाढणाऱ्या बाळाला स्कर्व्ही होण्याची भीती असे. पण त्यावर उपाय सोपा होता, थोडा संत्र्याचा रस. विषमज्वरावर असा सोपा उपाय त्या काळी नव्हता.

बर्लिनर यांनी आजार टाळण्याच्या कामासाठी एक संस्था उभी केली आणि वृत्तपत्रांतून छोट्या, सोप्या आरोग्यसूचना छापायला सुरुवात केली. सांगणे एकच होते. स्वच्छतेची खात्री नसेल तर दूध तापवूनच बाळाला पाजा, झाकून ठेवा, थंड ठेवा. जे यंत्राच्या बाबतीत केले तेच त्यांनी इथेही केले. एक साधी गोष्ट घेतली आणि तिच्या हजारो प्रती काढल्या.

१९०७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दुधाच्या प्रश्नावर परिषद भरली. तिच्यामागे त्यांचा पुढाकार होता. न्यूयॉर्कमध्ये व्यापारी नेथन स्ट्राउस १८९३ पासून गरिबांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे चालवत होते. १९०८ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने दूध आणि लोकांचे आरोग्य यांवर जाडजूड अहवाल काढला. त्याच वर्षी शिकागोने दुधाच्या पाश्चरीकरणासंबंधी सक्तीचा नियम केला. हे यश कुणा एकट्याचे नव्हते. डॉक्टर, जंतुशास्त्रज्ञ, नगरपालिकांचे अधिकारी असे पुष्कळ जण त्यासाठी झटले. पण ही गोष्ट आईपर्यंत तिला समजेल अशा भाषेत पोहोचवण्याच्या कामात बर्लिनर पुढे होते. १९१९ मध्ये त्यांनी मुलांसाठी आरोग्याच्या बडबडगीतांचे सचित्र पुस्तकही काढले. हात धुणे, स्वच्छ राहणे, दूध जपून पिणे हे मुलांनी गाणी म्हणता म्हणता शिकावे, हा त्यामागचा हेतू होता.

क्षयरोगविरोधी कामातही ते होते. मेरीलँडमधल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाला त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ इमारत दिली. आईच्या नावाने त्यांनी विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा बहुतेक प्रयोगशाळांची दारे स्त्रियांना बंदच होती. स्वतः बाटल्या धूत प्रयोगशाळेत शिरलेल्या माणसाला बंद दाराची कल्पना असणारच.

शेवटची इच्छा

शोध लावण्याची सवय मात्र सुटली नाही. १९०८ च्या सुमारास ते सरळ वर उडणाऱ्या यंत्राच्या मागे लागले. मुलगा हेन्री यांनी ते काम पुढे नेले आणि १९२० च्या दशकात मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या विमानतळावर त्यांचे हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडे वर उठले. सभागृहात आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावायच्या खास फरशाही बर्लिनर यांनी उतारवयात तयार केल्या. १९२९ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना आपले मानाचे पदक दिले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच संस्थेत त्यांनी पहिली तबकडी वाजवून दाखवली होती.

त्याच वर्षी ३ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ७८. जाण्यापूर्वी त्यांनी घरच्यांसाठी काही सूचना लिहून ठेवल्या होत्या. अंत्ययात्रेवर खर्च करू नये, असा खर्च म्हणजे पैशाची नासाडीच. सूर्यास्ताच्या सुमारास दफन करावे. तान्ही बाळे असलेल्या काही गरीब आयांना थोडे पैसे द्यावेत. आणि बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग पियानोवर वाजवावा.

जगाला तबकडीवर गाणे ऐकवणाऱ्या या माणसाने आपल्या निरोपासाठी तबकडी मागितली नाही. सोनाटा कुणी वाजवावा, तेही त्यांनी लिहून ठेवले होते. तान्हेपणी दुधाने आजारी पडलेल्या आणि त्यातून वाचलेल्या ॲलिसने.